भोंग्याला तेलुगूत काय म्हणतात

अव्वाला, माझ्या आईला, घेऊन आम्ही सोलापूर सोडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि गल्लीतल्या तुम्ही सगळ्या जणी आपापल्या दारात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसला होता. निरोप द्यायला एकीनेही सूप खाली ठेवलं नाही. माझा नवरा बार्शीचा, त्याला ते खटकलं. कारखान्यात माल वेळेवर द्यायचा असतो, त्यामुळे आपल्या गल्लीत निरोपसुद्धा वळता वळताच दिला जातो, हे त्याला कोण सांगणार? अव्वाला सांगावं लागलं नाही. ती पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत गेली. प्रत्येकीच्या पुढ्यात उकिडवी बसली, तिच्या सुपातलं कापलेलं एक पान उचललं, तंबाखू भरली, विडी वळली, दोरा गुंडाळून तिच्याच सुपात टाकली आणि पुढच्या दाराकडे सरकली. कुणी रडलं नाही. रुक्काक्का एवढंच म्हणाली, की या विडीत कुणाला खोट काढता येणार नाही. मग अव्वा गाडीत बसली आणि खिडकीतून म्हणाली, "पोयि वस्ता." जाऊन येते.

त्याला आता दोन वर्षं झाली.

यंदा दसऱ्यानंतर आमच्या सोसायटीतल्या बतुकम्माचा व्हिडिओ फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला आणि रुक्काक्काने मला विचारलं, "सगळ्या दिसल्या, तुझी अव्वा कुठं दिसली नाही ती? ती असताना गाणं मशीनवर कशाला लावलं?" कामात आहे, मग फोन करते, असं सांगून मी वेळ मारून नेली. आज ते उत्तर लिहायला बसले आहे. सुरतेला, भिवंडीला, हैदराबादला गेलेल्यांनीही वाचा, तुमच्याही घरात कदाचित हेच चाललं असेल. मराठीत लिहिते आहे, कारण तेलुगू मला लिहिता येत नाही, आणि तुमच्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही. आपली सगळी गोची तिथूनच सुरू होते.

वडील, आमचे नायना, गेले तेव्हा अव्वा म्हणाली होती, मी इथंच राहीन. वर्षभर राहिलीही. मग एकदा न्हाणीत घसरून पडली आणि कितीतरी वेळ तशीच पडून होती. जन्मभर तंबाखूच्या धुळीत बसल्यामुळे दमा होताच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना एकटं ठेवू नका. भाऊ सुरतेला, त्यांच्या खोलीत त्यांचंच भागत नाही. म्हणून मी तिला इथे नांद्याला आणलं. मला दुसरं काही नको होतं. अव्वाने इथे रुळावं, तिला बोलायला माणसं मिळावीत, एवढंच.

नांदे हिंजवडीच्या पाठीमागे आहे. लग्नानंतर आम्ही पहिली चार वर्षं इथे शेवंताकाकूंच्या चाळीत एका खोलीत काढली. तेव्हा खोलीच्या मागे त्यांची भातखाचरं होती. आता त्यातल्या बहुतेक खाचरांवर आमची सोसायटी उभी आहे, आणि आम्ही अकराव्या मजल्यावरून त्यांच्या उरलेल्या तुकड्याकडे बघतो. काकू कधी कधी खालून वर बोट दाखवतात आणि म्हणतात, "तुमचा हॉल हाय ना, तितं आमची इंद्रायणी व्हायची बगा."

या सोसायटीत तेलुगू माणसं भरपूर. हिंजवडीत नोकरीला आलेली, हैदराबादची, वरंगलची, विजयवाड्याची. मला वाटलं, चला, अव्वाची सोय झाली. कसली सोय! पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एकीने अव्वाला माझी आजी ठरवलं. का, तर मी तिला "अव्वा" म्हटलं. आपण आईला अव्वा म्हणतो, त्यांच्यात अव्वा म्हणजे आजी आणि आई म्हणजे अम्मा. मी खुलासा केला. त्या बाई हसल्या आणि विचारलं, तुमचं गाव कुठलं? म्हटलं, सोलापूर. "हो, पण मूळ गाव?" आता काय सांगू? पणजोबा करीमनगरकडून आले, एवढंच नायनांना माहीत होतं. गावाचं नाव त्यांच्याही वडिलांनी विचारून ठेवलं नव्हतं. मूळ गाव सांगता येत नाही म्हटल्यावर त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. माझी मराठी ऐकून "तुम्ही तेलुगू? वाटत नाही हो, किती छान मराठी बोलता!" असं म्हणणाऱ्या मराठी शेजारणीच्या चेहऱ्यावरही तेच असतं. चार पिढ्या महाराष्ट्रात काढल्या, दहावीला मराठीत वर्गात पहिली आले, तरी माझं कौतुक होतं ते पाहुणीचं. आणि तेलुगू लोकांत गेले तर तिथे कौतुकसुद्धा नाही. तिथे नुसतं, बिचारी.

घरात तर नवरा मराठी, मुलगी ईशा आठवीत, तिचं मराठी आणि इंग्रजी मिळून जे काही होतं ते. अव्वाशी तेलुगू बोलणारी मी एकटी. तेही सकाळी डबा भरताना आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. मधल्या वेळात अव्वा गॅलरीत बसायची. हात रिकामे राहत नाहीत म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानांचे तुकडे करून गुंडाळत राहायची. मी एकदा बघितलं तर त्या विड्याच होत्या, कागदाच्या, एकसारख्या, दोऱ्याने बांधलेल्या. मला भडभडून आलं, आणि तिलाच ओरडले, की हा कचरा कशाला करतेस?

मग यंदा भाद्रपद संपत आला आणि तेलुगू मंडळाच्या ग्रुपवर सूचना आली. ती तेलुगू लिपीत होती. मी वॉचमनच्या खोलीजवळ उभी राहून एका ओळखीच्या मुलीकडून ती वाचून घेतली, आणि वाचून घेताना गॅस सिलिंडर कधी येणार असं विचारल्यासारखा चेहरा ठेवला. सूचना बतुकम्माची होती. क्लबहाउससमोरच्या हिरवळीवर, शनिवारी संध्याकाळी.

ईशासारख्या मुली पुढे कधी हे वाचतील म्हणून सांगते. बतुकम्मा आपला फुलांचा सण. फुलांचे थर रचून उतरंडीसारखा उंच ढीग करायचा, वर हळदीची गौरम्मा बसवायची, आणि बायकांनी त्याच्याभोवती टाळ्या वाजवत, गाणी म्हणत फिरायचं. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. शेवटी ती फुलं पाण्यात सोडायची. सर्वपित्री अमावास्येला सुरू होतो. आमच्या सोसायटीतल्या देशपांडे काकू म्हणाल्या, "अमावास्येला कसला बाई सण?" मंडळाने तो वाद घातलाच नाही, सरळ शनिवार धरला. आपल्या देवांनाही आता सुटीच्या दिवशीच यावं लागतं.

अव्वाला सांगितलं तशी ती उठली. कपाटातून पिशवी काढली, पिशवीतून वही. तुम्हाला ती वही माहीत आहे. अव्वा महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, म्हणून वहीतली गाणी तेलुगू आणि अक्षर देवनागरी. काही आजीकडून आलेली, काही तिने स्वतः विड्या वळताना रचलेली. त्यात गौरम्मा माहेरी येते, पण येते ती सोलापूरच्या आपल्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. तिला यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो, ती चादरीच्या काठावरचं फूल बघते. आणि सगळ्या गल्लीला तोंडपाठ असलेली ती ओळ, "भोंगा मोगे उय्यालो, पाळि मारे उय्यालो." गिरणीचा भोंगा वाजला, पाळी बदलली, आणि उय्यालो म्हणजे झोका, ते पालुपद. त्या ओळीला आपण सगळ्या उलट्या दिशेने फिरायला लागतो, कारण पाळी बदलली ना! लहानपणी मी त्या एका ओळीसाठी जागच्या जागी नाचायचे.

दुसऱ्या दिवशी अव्वा म्हणाली, फुलं हवीत. मंडळाने मार्केट यार्डातून झेंडू मागवला होता. अव्वाला झेंडू चालतो, पण तेवढाच नाही. तिला तंगेडु हवा होता, म्हणजे तरवड, आणि गुनुगु हवा होता. तरवड सोलापूरच्या माळावर हवा तेवढा, पण मुळशीच्या पावसात त्याचं एक झुडूप जगत नाही. गुनुगुला मराठीत काय म्हणतात ते मला माहीतच नव्हतं. अव्वाने गॅलरीतून खाली बोट दाखवलं. शेवंताकाकूंच्या पडीक तुकड्यात गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं रान माजलं होतं.

आम्ही खाली गेलो. काकू बांधावर होत्या. अव्वा काही न विचारता तुरे खुडायला लागली, तशा काकू लगबगीने आल्या. "आवं आक्का, ही तर कुरडू हाय! कवळी आसती तवा आमी भाजी करतो हिची. आता तुरं आल्यावर काय करताय?"

अव्वा म्हणाली, "देव करायचाय."

"कुरडूचा देव?" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पद्मे, तुझी आई काय म्हंतीया गं?"

मी समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि कमरेचा विळा काढून स्वतःच कापायला बसल्या. "मंग न्ह्या की. लई हाय. हितं औषद मारून बी मरत न्हाई." दोघी तासभर कापत होत्या. अव्वा तिच्या सोलापुरी मराठीत बोलत होती, काकू त्यांच्या बोलीत, आणि दोघींचं मजेत चाललं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी अव्वाला घराबाहेर कुणावर तरी हुकूम सोडताना पाहिलं. तुरे कुठून कापायचे, किती लांब देठ ठेवायचा. मला इतकं बरं वाटलं, की आता सगळं जमणार असं मी धरूनच चालले.

बुधवारी क्लबहाउसमध्ये सराव होता. मंडळाच्या अध्यक्ष हेमलता गारू. गारू म्हणजे आपल्या ताई आणि साहेब यांचं मिश्रण, नावापुढे लावतात. आपल्या गल्लीत हा शब्द मी लग्नाच्या पत्रिकेखेरीज कुठे पाहिलेला नाही. बाई चांगल्या आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तुम्ही उगाच त्यांच्यावर घसरायला नको. त्यांनी अव्वाला पुढे बोलावलं, पहिलं गाणं तुम्ही सांगा म्हणाल्या. अव्वाने पदर खोचला, सगळ्यांना गोल उभं केलं, आणि गल्लीत करते तेच केलं. हेमलता गारूंच्या दंडाला धरून त्यांना जागेवर सरकवलं आणि म्हणाली, "बिड्डा, नुव्वु ईड निलबडु." पोरी, तू इथं उभी राहा.

आपल्याकडे देवालाही नुव्वुच म्हणतात, सासूलाही, नगरसेवकालाही. त्यांच्यात परक्या माणसाला, त्यातून अध्यक्षांना, मीरु म्हणायचं असतं. मीरु म्हणजे तुम्ही. अव्वाने मुलगी म्हणून जवळ घेतलं होतं आणि त्यांना वाटलं अरेतुरे केलं. एक मुलगी फिसकन हसली. हेमलता गारू मात्र हसून सरकल्या. मग अव्वाने गाणं सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला कुणीतरी मागून विचारलं, ही कुठली भाषा? आणि मी, तिची मुलगी, पोटची पोर, मी सगळ्यांच्या आधी हसले. म्हटलं, "आमची सोलापूरची खिचडी आहे हो."

रुक्काक्का, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं.

सराव संपल्यावर हेमलता गारूंनी मला बाजूला घेतलं. आवाज खूप सुंदर आहे, चाल अस्सल आहे, म्हणाल्या, फक्त मधले मराठी शब्द काढून थोडं शुद्ध तेलुगू करता आलं तर बघा, मुलांनाही कळेल. मी लगेच हो म्हटलं. मला इतकी घाई होती! अव्वाला एकदा यांच्यात जागा मिळाली की ती रुळेल, दर शनिवारी कुणी ना कुणी तिला बोलावेल, माझं ओझं हलकं होईल. हो, ओझंसुद्धा. खोटं कशाला बोलू?

घरी येऊन मी वही उघडली आणि लाल पेन घेतलं. ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं हेच माझं काम. चूक दिसली की खूण करायची, बाजूला बरोबर काय ते लिहायचं. पिशवी खोडली, संचि लिहिलं. वहिनी खोडून वदिना. अव्वा शेजारी बसून बघत होती. तिला ते शब्द मराठी आहेत हेच माहीत नव्हतं. तिच्या लेखी ती जे बोलते ते तेलुगू. प्रत्येक खोडलेल्या शब्दाला ती विचारायची, "हा पण आपला नाही?" आणि मी मास्तरणीसारखी मान हलवायची.

भोंग्यापाशी मी अडले. मला शब्द माहीत नव्हता. हेमलता गारूंना विचारलं, भोंग्याला तेलुगूत काय म्हणतात? तिकडून लगेच उत्तर आलं, सैरन. आणि पाळीला? षिफ्टु.

मी वहीत लिहिलं, "सैरनु मोगे उय्यालो, षिफ्टु मारे उय्यालो."

अव्वाने विचारलं, "सैरन तेलुगू आहे?"

म्हटलं, "हो, तिकडे तसंच म्हणतात."

"आणि भोंगा?"

"मराठी."

अव्वाने खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं आपल्या गिरणीत काय वाजत होतं?"

हे मी तेव्हा ऐकलंच नाही, म्हणजे कानांनी ऐकलं, पण तिला म्हटलं, "अव्वा, वाद घालू नकोस, पाठ कर." इंग्रजी शब्द चालतो, तो शुद्ध. मराठी शब्द मात्र खरकटा. शंभर वर्षं ज्यांच्यात राहिलो त्यांच्याकडून घेतलेला शब्द लपवायचा आणि काल कॉम्प्युटरमधून आलेला मिरवायचा. आज हे लिहिताना माझं डोकं फिरतं. त्या दिवशी माझ्या हातात लाल पेन होतं आणि मला मी फार हुशार वाटत होते.

तीन दिवस अव्वा पाठ करत होती. भांडी घासताना, तुरे निवडताना, ओठ हलत असायचे. मध्येच थांबायची, मागे जायची, पुन्हा सुरू करायची. जी बाई गाताना आयुष्यात कधी वहीकडे बघत नव्हती, ती वही पदराखाली घेऊन फिरत होती. शनिवारी सकाळी तिने बतुकम्मा रचली. खाली झेंडू, त्यावर कुरडूचे थर, पुन्हा झेंडू. भाकरी कुस्करून गुळाचा मलिदा केला. नवी साडी नेसली, तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेली. शेवंताकाकूंनाही तिने बोलावलं होतं. त्या डोक्यावरून पदर घेऊन कडेला, खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

हिरवळीवर साठ-सत्तर बायका गोल उभ्या होत्या. मोठाल्या बतुकम्मा मध्ये मांडल्या होत्या. अव्वाच्या हातात माइक दिला. तिने सुरुवात केली. तुम्हाला शपथेवर सांगते, आवाज लागला तेव्हा मोबाईल धरलेले हात खाली आले. पहिल्या चार ओळी, पाच ओळी, बायका उचलत होत्या, टाळ्या एका तालात पडत होत्या. मग ती ओळ आली.

"भों" एवढं तिच्या तोंडून गेलं, आणि ती थांबली.

तिने हेमलता गारूंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. साठ-सत्तर जणी टाळीसाठी हात वर करून उभ्या होत्या आणि अव्वा माझ्याकडे बघत होती, गणित चुकलेली मुलगी बाईंकडे बघते तशी. मी तिला "म्हण गं, काहीही म्हण" असं खुणेने सांगू शकले असते. मी ओठ हलवून सांगितलं, "सैरन."

ती नाही म्हणाली ते. तिने मागची ओळ पुन्हा घेतली, पुन्हा त्याच जागी आली, पुन्हा थांबली. कुणीतरी हळहळलं. साउंडवाल्याला वाटलं तब्येत बिघडली असावी, त्याने मशीनवरचं गाणं लावलं. ढोल सुरू झाले, बायका फिरायला लागल्या. अव्वाने माइक खुर्चीवर ठेवला आणि ती रिंगणाबाहेर आली. तुम्ही जो व्हिडिओ पाहिला तो तिथून पुढचा आहे.

विसर्जनासाठी मंडळाने तरणतलावाशेजारी प्लास्टिकचा हौद ठेवला होता. अव्वाने तिची बतुकम्मा त्यात सोडायला नकार दिला. म्हणून मी आणि शेवंताकाकू तिला घेऊन कासारसाईच्या धरणावर गेलो. अंधारायला अवकाश होता. पाण्यावर म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा होता. त्याने विचारलं, "कंचा देव म्हनायचा ह्यो?" काकूंनीच सांगितलं, "कुरडूचा." अव्वा गुडघाभर पाण्यात गेली, ताट हलकेच सोडलं, हात जोडले. त्या वेळी गाणं म्हणायचं असतं, ती शेवटची गाणी तर आपल्या गल्लीत संपता संपत नाहीत. अव्वा काही म्हणाली नाही. मीही नाही. मला कुठे येतात?

परत येताना गाडीत ती म्हणाली, "सावकाश चालव, पुढे खड्डा आहे." मराठीत. काकू सोबत होत्या, म्हणून मराठीत बोलली असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "चहा ठेवू का?" मी तेलुगूत हो म्हटलं. "साखर किती?" मी तेलुगूत सांगितलं. "बरं." तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी तेलुगूत बोलते आणि अव्वा मराठीत उत्तर देते. रागाने नाही, हेच तर अवघड आहे. रागावली असती तर मी भांडले असते. ती अगदी नीट, समजून, स्वच्छ मराठी बोलते, पाहुण्यांशी बोलतात तशी. मी शेवटी न राहवून विचारलं, अव्वा, असं का करतेस? तर म्हणाली, "माझं तेलुगू चुकतं ना गं. मराठी तरी मी शाळेत शिकले आहे."

हेमलता गारू प्रसाद घेऊन घरी आल्या होत्या. अव्वाच्या पाया पडल्या, पुढच्या वर्षी तुम्हीच गायचं, तुमचेच शब्द, म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. अव्वाने त्यांना मीरु म्हटलं. अगदी बिनचूक. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि मला ओट्यावरचं भांडं फेकून द्यावंसं वाटलं. कुणाच्या अंगावर फेकणार? मंडळावर चिडून झालं, सोसायटीवर चिडून झालं. मूळ गाव विचारणाऱ्या बाईवर चिडले, मला तेलुगू शाळेत न घालणाऱ्या नायनांवरही चिडले. सगळे संपल्यावर लाल पेनवालीच उरते. वहीत मी "भोंगा" पुन्हा लिहून ठेवला, मोठ्या अक्षरात. अव्वाने वही पिशवीत घातली आणि पिशवी कपाटात.

ती इथे रुळली आहे, हेही सांगायला हवं. रोज शेवंताकाकूंकडे जाते, दोघी मिळून घेवडा निवडतात, ईशाशी तर तिचं छान जमतं. सोलापूरला सोड असं म्हणत नाही. मला हवं होतं ते सगळं झालं. आणि मी मात्र माझ्याच स्वयंपाकघरात परगावी आल्यासारखी वावरते. अठरा वर्षांपूर्वी सोलापूर सोडलं तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं, कारण आठवड्यातून दोनदा अव्वाचा फोन यायचा आणि ती पहिल्या शब्दापासून ओरडायला सुरुवात करायची. घर कुठे आहे असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सोलापूरचा पत्ता सांगितला असता. पत्ता चुकीचा होता. घर त्या ओरडण्यात होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने खोडलं.

आता ते घर रविवारी दुपारी असतं. तुमच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो, अव्वा गॅलरीत जाऊन बसते आणि बोलायला लागते, सगळे आपले शब्द, पिशवी, वहिनी, पाळी, भोंगा, कशाची लाज नाही. मी आत कपड्यांच्या घड्या घालत उभी असते. घड्या केव्हाच घालून झालेल्या असतात. म्हणून रुक्काक्का, तुला आणि सगळ्यांनाच सांगते, फोन लवकर ठेवत जाऊ नका. आणि तिला माझ्याबद्दल विचारत जा. परवा फोनवर मल्लव्वाने सहज विचारलं, पद्मा कशी आहे, तर अव्वा सुटलीच. डबा अर्धा परत आणते, केसांना तेल नाही, वाळून काठी झालीय, सांगितलं तर ऐकेल तर शपथ. चांगली पाच मिनिटं ती मला तेलुगूत झापत होती. विचारत जा. दर रविवारी विचारा.